न्हाणीत पाय घसरला

‘न्हाणीत पाय घसरला वो सिस्टर.’

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यात ज्यांनी सरकारी दवाखान्यात चार वर्षं काढली आहेत, त्यांना हे वाक्य नवं नाही. कधी न्हाणीऐवजी जिना असतो, कधी गोठ्यातली म्हैस ढुसलेली असते, कधी सरपण फोडताना ढलपी उडालेली असते. बाई खाली बघून सांगते, सोबतचा माणूस मान हलवतो, केसपेपरवर ‘हिस्ट्री ऑफ फॉल’ पडतं. टीटीचं इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या, पुढचा कोण? दोन मिनिटांचं काम.

आता नीट बघा. माणूस खरोखरच न्हाणीत घसरला तर हात आधी जमिनीला टेकतो. तळहात सोलवटतो, कोपर, गुडघा, माकडहाड, फार तर कपाळ दुखावतं. म्हणजे अंगाचे जे भाग पुढे आलेले असतात त्यांना लागतं. कानामागे, मानेवर, दंडाच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधल्या पाठीवर कुणी घसरून पडत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत करंगळीच्या बाजूला काळंनिळं असेल, तर तो हात वार चुकवायला डोक्यावर धरलेला होता. हे सगळं न्यायवैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात आहे. ते पुस्तक वाचून पास झालेलेच आपण केसपेपरवर ‘फॉल’ लिहितो. का लिहितो, या प्रश्नापाशी बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीच्या अभ्यासाचं दार आहे. नेसरीच्या ग्रामीण रुग्णालयात काल रुजू झालेली स्टाफ नर्स असो, उपकेंद्रावरची एएनएम असो, आशाताई असो की बॉण्ड पुरा करायला आलेला तरुण डॉक्टर, आत यायला कुणाला वेगळी पदवी लागत नाही.

विषय तसा तरुण आहे, आणि त्याचा जन्म जुन्या केसपेपरांच्या ढिगाऱ्यात झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू हेवन इथं अ‍ॅन फ्लिटक्राफ्ट ही वैद्यकीय विद्यार्थिनी आणि इव्हान स्टार्क हे समाजशास्त्रज्ञ एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या ४८१ स्त्रियांचे कागद घेऊन बसले. डॉक्टरांनी जे ओळखलं होतं, त्याप्रमाणे मारहाण झालेली बाई ३५ जणींत एक होती. जखमा कुठे आहेत, ही बाई याआधी किती वेळा आली, काय कारण सांगून आली, हे मांडून पाहिल्यावर आकडा चौघींत एक असा निघाला. कागद तेच होते, फक्त वाचणारे डोळे बदलले होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्यांची मारहाण ओळखली गेली नव्हती, अशा बायकांच्या कागदावर हळूहळू ‘मानसिक’, ‘तक्रारखोर’ अशा अर्थाचे शेरे जमा होत गेले होते आणि हातात झोपेच्या नि शांत करणाऱ्या गोळ्या पडत होत्या. आपल्याकडे ‘हिचं काही नाही, हिला सवयच आहे दवाखान्याची’ असं म्हणतात, त्याची ही इंग्रजी आवृत्ती.

पण हा सगळा परदेशी मामला आहे असं कुणी म्हणू नये, आणि कोल्हापूरकरांनी तर नाहीच नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना नेमणूक देऊ केली ती कोल्हापूर संस्थानानं. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाची जबाबदारी. आपण ज्याला सीपीआर म्हणतो, त्याचंच हे जुनं नाव. त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या. हे सगळं शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते असं, की या बाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहान वयात खाल्लेल्या माराचा हिशेब मांडला आहे. लाकडाचे तुकडे, अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या, पुस्तकं, सोडून देण्याच्या धमक्या, सगळं वयाच्या आकड्यांसह. आणि हा मार देणारा माणूस बायकोला शिकवावं म्हणून जगाशी भांडणारा सुधारक होता. कोल्हापूरच्या स्त्रीविभागाला मिळायच्या होत्या त्या पहिल्या डॉक्टरीणबाई स्वतःच या विषयातल्या रुग्ण होत्या. मला हे पत्र नुसतं चरित्राचं साधन वाटत नाही. केव्हा, कशानं, कुणी, किती वयात, हे सगळं त्यात आहे. चांगल्या केसपेपरवर याहून वेगळं काय असतं?

त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली स्त्रियांना घरात क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. दिल्लीत याच विषयावर स्वतंत्र, दिवाणी स्वरूपाचा कायदा व्हायला त्यानंतर ८६ वर्षं जावी लागली. मधल्या काळात १९८३ साली दंडसंहितेत ४९८अ आलं (जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे), पण त्याचा रस्ता पोलीस ठाण्यातून जातो, आणि बहुतेक बायकांना नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो हे ओळखून लिहिलेला आहे. मारहाणीबरोबर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं यांनाही तो हिंसा म्हणतो.

दवाखान्यात काम करणाऱ्यांनी या कायद्यातलं कलम ७ आणि सोबतचे २००६चे नियम एकदा तरी मन लावून वाचावेत. पीडित बाईला उपचार नाकारता येत नाहीत. आधी पोलिसांचा कागद आण, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल आण, असंही म्हणता येत नाही. असा अहवाल आधी झालेला नसेल तर तो दवाखान्यानंच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. सद्भावनेनं माहिती कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कायद्यातच आहे. ‘आपण कशाला कोर्टाच्या भानगडीत’ हा आपल्या खात्यातला जुना मंत्र. तो म्हणण्याआधी निदान एवढं माहीत असावं.

कायदा झाला त्याच्या आधीच मुंबईत एक काम उभं राहिलं होतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, ओपीडीच्या गर्दीत, हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं देशातलं पहिलं. त्याच्या जागेतच त्याची अक्कल आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढताना बाईला चार जण बघतात. दवाखान्यात जायला मात्र तिला कारण द्यावं लागत नाही, सासूलाही नाही. पोलिसांकडे ती सगळं संपल्यावर जाते, दवाखान्यात पहिल्या थपडेनंतर येते. ‘दिलासा’नं दुसरी गोष्ट शहाणपणाची केली, ती म्हणजे समुपदेशक बाहेरून आणून खोलीत बसवून थांबले नाहीत, त्याच रुग्णालयातल्या नर्स, डॉक्टर, वॉर्डबॉय यांना शिकवलं आणि त्यांच्यातूनच शिकवणारे तयार केले. पुढे हा नमुना मुंबईतल्या इतर रुग्णालयांत गेला, केरळात ‘भूमिका’ नावानं गेला, मेघालय आणि हरियाणातही गेला. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर मिरज-सांगलीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आपल्या सरकारी रुग्णालयात कशी उतरतात, हे पाहण्यासाठी ‘सेहत’नं तिथल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत काम केलं. म्हणजे प्रयोग आता मुंबईतून निघून कृष्णाकाठापर्यंत आला आहे. घटप्रभेच्या काठी आणायला कुणाची हरकत नसावी.

संख्येबद्दल एवढंच, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांत साधारण चौघींत एकीनं नवऱ्याच्या हिंसेबद्दल सांगितलं. देशभरात ज्यांनी मार किंवा जबरदस्ती सोसली, त्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. बहुतेकींनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

सांगणार कुणाला? पूर्वी जातं होतं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत सासुरवासाचं केवढं तरी आहे. पहाटेच्या अंधारात बाई दगडाला सगळं सांगायची. पुढे पिठाची गिरणी आली, हात सुटले आणि ऐकणाराही गेला. ‘सासुरवास’ हा शब्द मला या अभ्यासात फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो छळाला हवापाण्यासारखा ऋतू करून टाकतो. येतोच, सोसायचा, सरतो. ‘कौटुंबिक हिंसा’ हा उलट कागदावरचा शब्द. नेसरी भागात कुठलीही बाई ‘माझ्यावर हिंसा होते’ असं म्हणत नाही. ती म्हणते, तरास हाय. जाच हाय. मालक जरा तापट हाईत. घेतली की हात उचलत्यात. कधी काहीच म्हणत नाही, नुसतं ‘अंग दुखतंय, झोप लागत नाही, छातीत धडधडतंय’ म्हणते आणि महिन्यात तिसऱ्यांदा येते. अंगावरून पांढरं जाणं, सारखा लघवीचा संसर्ग, तांबी बसवून घेतल्यावर आठ दिवसांत ‘काढा, घरात चालत नाही’ म्हणणं, गरोदरपणाची नाव नोंदणी पाचव्या महिन्यात, क्षयाच्या गोळ्या अधेमधे बंद. यांतलं प्रत्येक लक्षण शंभर कारणांनी येतं, आणि त्या शंभरांत हे एक कारण असतं. ते मनात धरलंच नाही तर कधी सापडायचं नाही.

मग विचारायचं कसं? ‘घरी सगळं बरं हाय न्हवं?’ असं विचारलं की ‘हाय की’ एवढंच उत्तर येतं. प्रश्नानंच ते शिकवलेलं असतं. त्याऐवजी जखमेकडे बघत, आवाज खाली घेऊन: ‘वैनी, अशी जखम पडून होत न्हाई. कुणी मारल्यावर असं होतंय, हितं पुष्कळ बायका येत्यात. तुम्हाला कुणी मारलं काय?’ यात तीन गोष्टी साधतात. तिला कळतं की आपण एकट्या नाही, समोरचीला धक्का बसणार नाही, आणि ‘हो’ म्हणायला फार शब्द लागणार नाहीत. ‘न्हाई’ म्हणाली तर तो विषय तिथंच ठेवायचा आणि दार उघडं ठेवायचं: ‘बरं. पण कधी वाटलं तर माझ्याकडं या.’ अशी बाई सहा महिन्यांनी परत येऊन बोलते.

सोबतच्या माणसासमोर मात्र यातलं एक अक्षर विचारायचं नाही. नवरा, सासू, जाऊ, दहा वर्षांची मुलगी, कुणीही. एवढ्याशा ओपीडीत एकांत आणायचा कुठून, ही खरी अडचण आहे, आणि त्यावर जुन्या सिस्टरांच्या युक्त्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा चांगल्या आहेत. लघवी तपासायला म्हणून बाईला आत न्यायचं. ‘वजन-पोट तपासायचंय, बायकांचं आहे, तुम्ही बाहेर थांबा’ म्हणायचं. नवऱ्याला औषधाच्या रांगेत धाडायचं. चार मिनिटं मिळतात, आणि चार मिनिटं पुष्कळ असतात.

ती बोलली की काय करायचं, याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या तत्त्वांतून आणि पुढच्या पुस्तिकेतून पाच पायऱ्यांचा साचा दिला आहे: ऐका, गरज विचारा, विश्वास ठेवा, ती सुरक्षित कशी राहील ते पाहा, मदतीशी जोडून द्या. यात ‘नवऱ्याला बोलावून दम द्या’ कुठेही नाही, ‘पोरांकडं बघून सोस’ नाही आणि ‘सोडून दे त्याला’ हेही नाही. तिन्ही गोष्टी आपण मनापासून करतो, आणि तिन्ही तिला महागात पडू शकतात. दम दिलेला नवरा रात्री घरी जाऊन काय करेल, हे तिला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

एक जागा मात्र थांबून शिकण्याची आहे, कारण तिथे चुकलं तर जीव जातो. बाई म्हणाली ‘गळा दाबला’, तर तिला साधी जखमी समजू नका. मानेवर बाहेरून काहीही दिसत नसेल, तरी आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके, मधला काही वेळ न आठवणं, लघवी सुटणं, हे विचारून लिहून ठेवा. सूज उशिरा येते आणि श्वास अडतो, म्हणून लक्षाखाली ठेवा. एकदा गळा धरणाऱ्या माणसानं पुढे जीवे मारण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. गरोदरपण, जीवे मारण्याची धमकी, घरातला कोयता दाखवणं, हे सोबत असेल तर ‘आज रात्री घरी जायला भीती वाटते काय?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तिला सोडू नये. घरी जाणारच असेल, तर आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, थोडे पैसे शेजारणीकडे ठेवायला सांगणं हासुद्धा उपचारच आहे. १८१ आणि ११२ हे नंबर तोंडपाठ करून घ्यावेत. चिठ्ठी घरात सापडते.

तसंच ‘औषध पिण्या’चं. आपल्या भागात बाई ‘औषध प्यायली’ म्हणजे फवारणीचं प्यायली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोट धुतलं, अ‍ॅट्रोपिन दिलं, शुद्धीवर आली की नातेवाईक ‘चुकून खोकल्याचं म्हणून घेतलं’ असं लिहून देतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायला सांगितलं आहे. मग तो ताण कसला, हे विचारणंही आपल्याच वाट्याला येतं, ती घरी जाण्याआधी.

आणि मग लिहिणं. या सगळ्या अभ्यासाचं वजन शेवटी केसपेपरवरच्या दोन ओळींवर येऊन पडतं. ‘अलेज्ड अ‍ॅसॉल्ट, मल्टिपल इंज्युरीज’ असं लिहिलं तर चार वर्षांनी गडहिंग्लजच्या कोर्टात त्याचा उपयोग शून्य. ‘काल रात्री आठच्या सुमारास नवऱ्यानं वेळूच्या काठीनं पाठीवर मारलं असं रुग्ण सांगते, पाठीच्या डाव्या बाजूस दोन समांतर रेघांचा वळ, लांबी १२ सेंमी’ असं लिहिलं, शेजारी अंगाच्या चित्रावर खूण केली, तर तो कागद त्या बाईच्या बाजूनं बोलतो, आपण बदली होऊन जव्हारला असलो तरी. रंगावरून मार किती दिवसांचा हे छातीठोक सांगायच्या फंदात पडू नये, ते शास्त्र कच्चं आहे. बाईचे शब्द बाईचेच ठेवावेत. एमएलसी (मेडिको-लीगल केस) केली तर पोलिसांना कळवायचं असतं हे तिला आधी सांगावं. जबाब द्यायचा की नाही, ते ती ठरवेल.

या क्षेत्रात भांडणंही आहेत, ती लपवायचं कारण नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारावं की फक्त संशय आला तर? अमेरिकेत सरसकट विचारण्याकडे कल आहे. जागतिक आरोग्य संघटना सरसकट नको म्हणते, कारण विचारून पुढे काही न देता सोडलं तर बाईच्या आयुष्यात फरक पडत नाही, असं अभ्यासांत दिसलं. माझं मत असं, की दीडशेच्या ओपीडीत सरसकट विचारणं म्हणजे आणखी एक रकाना भरणं. आणि रकाने भरण्यात आपलं खातं कुणाला हार जाणार नाही. पण गरोदर बायकांच्या तपासणीच्या दिवशी, जिथे तीच बाई आणि तीच सिस्टर पुन्हापुन्हा भेटतात, तिथे प्रत्येकीला विचारावं.

दुसरं भांडण आशाताईंबद्दलचं. धोरण लिहिणाऱ्यांना आशा म्हणजे घरात पोचणारा हात वाटतो. खरं आहे. पण ती त्याच गावची सून असते, बहुतेकदा त्याच भावकीतली. मारणारा तिचा चुलतदीर असतो. तिनं तोंड उघडलं तर उद्या तिच्या दाराशी कोण येईल, याचा विचार पुस्तिकेत नसतो. प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट घडते, जिची तयारी फार थोडे प्रशिक्षक ठेवतात. लक्षणं सांगता सांगता मागच्या बाकावरची एखादी सिस्टर पाण्याला म्हणून उठून जाते आणि बराच वेळ येत नाही. चौघींतली एक आपल्या गणवेशातही असणारच. तिच्यापासून सुरुवात केली नाही तर ती दुसरीला काय विचारणार?

मदत कुठे आहे, याचा कागद मात्र आजच तयार करता येतो, त्याला परिसंवाद लागत नाही. संरक्षण अधिकारी कोण, त्यांचा फोन लागतो का. तालुका विधी सेवा समितीत वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट स्त्रियांना नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे, पण नेसरीहून कोल्हापूर गाठायचं म्हणजे बाईचा अख्खा दिवस मोडतो, तर तिकिटाचं काय. हे नंबर स्वतः लावून बघावेत. बंद नंबर दिला की बाई दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि ती परत त्याच घरात गेली, तर आपण हरलो असं समजू नये. बायका जातात, पोरं असतात, जनावरं असतात, माहेरी भाऊ-भावजय असतात. या कामात ती पुन्हा आपल्याकडे यायला कचरत नाही, हेच पुष्कळ आहे.

पुढचं पान उलटण्याआधी एक काम करा. आपल्या दवाखान्याचं गेल्या वर्षाचं एमएलसी रजिस्टर कपाटातून काढा. रजिस्टर बाहेर नेऊ नका, नाव कुणाला सांगू नका. फक्त १८ ते ४९ वयाच्या किती बायका ‘पडल्या’, आणि पडताना त्यांना कुठे कुठे लागलं, ते पेन्सिलीनं मोजा.